मेणवेल (होया) : ओळख, लागवड व निगा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु झाड विकत घेतले जाते, त्यासाठी पैसे मोजले जातात आणि त्याचा नफा-तोटाही होतो. शिवाय सदलग्यासारख्या गावात अंगण कमी होऊन कट्टे आणि गॅलऱ्या वाढत आहेत. अशा घरांना शोभणारी, थोड्या जागेत राहणारी आणि वर्षानुवर्षे फुलणारी एक वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव होया. इंग्रजीत तिला 'वॅक्स प्लांट' म्हणतात. तिची पाने जाड व चकचकीत असतात, आणि फुले मेणाची ओतून केल्यासारखी दिसतात. म्हणून या लेखात आपण तिला मेणवेल म्हणू या.

ओळख

होया हे नाव रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली दिले. सूक्ष्म कणांच्या सततच्या हालचालीला 'ब्राऊनियन गती' असे ज्याच्या नावाने म्हणतात, तोच हा ब्राऊन. त्याने हे नाव कोणा राजाचे किंवा सरदाराचे दिले नाही. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी टॉमस हॉय याच्या नावावरून त्याने ते घेतले. माळ्याच्या हाताला मिळालेला असा मान क्वचितच पाहावयास मिळतो.

या कुळातील आपल्या ओळखीचे झाड म्हणजे रुई. कन्नड बोलणारे आपले बांधव तिला एक्के म्हणतात. शनिवारी मारुतीला वाहिलेल्या माळेतले रुईचे एक फूल नीट पाहावे. पाच पाकळ्या आणि मध्यभागी उठून दिसणारा मुकुट अशी त्याची रचना आहे. मेणवेलीच्या फुलाचा आराखडा हाच, फक्त तिथे दहा-वीस किंवा त्याहून अधिक छोटी फुले एका गुच्छात येतात. दोन्हींचे परागकण सुटे नसतात. त्यांच्या मेणचट गाठोड्या असतात आणि त्या कीटकाच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलाकडे जातात. दोन्हींची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये व काम झाल्यावर हात धुवावेत.

सह्याद्रीतील भावंडे

रोपवाटिकेत मिळणारी मेणवेल बहुधा परदेशी असते. होया कार्नोसा पूर्व आशियातली, तर होया केरी थायलंडच्या बाजूची. परंतु आपल्या सह्याद्रीतही होयाच्या जाती आहेत. होया वायटाय ही मद्रास इलाख्यात काम केलेल्या डॉ. रॉबर्ट वाइट यांच्या नावाने ओळखली जाते. होया रेटुसा हिचे वर्णन मुंबई इलाख्यातील वनअधिकारी डाल्झेल यांनी १८५२ साली केले. या वेली जमिनीत न रुजता झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर वाढतात. मात्र त्या बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस पीत नाहीत. झाड त्यांना फक्त आधार देते. अन्न त्या पावसातून, कुजलेल्या पालापाचोळ्यातून व उजेडातून मिळवतात.

आपल्या सदलग्याच्या काठाने वाहणारी दूधगंगा याच सह्याद्रीत, राधानगरीच्या बाजूला उगम पावते. तिथले दाजीपूरचे जंगल १९५८ सालापासून राखीव आहे आणि आज ते राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत राधानगरीही आहे. सहलीला गेलेल्या मंडळींना झाडावरची वेल ओढून आणण्याचा मोह होतो. अभयारण्यातून परवान्याशिवाय वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खोडावरून ओरबाडलेल्या वेलीची मुळे तुटतात आणि ती बहुधा आपल्या कुंडीत मरते. म्हणजे जंगलाचेही नुकसान आणि आपलाही लाभ शून्य.

कुंडी व माती

जंगलात ही वेल फांदीवर राहते, हे लक्षात ठेवले की निम्मी निगा आपोआप समजते. तिच्या मुळांना हवा हवी. आपल्या शेतातील काळी माती उसाला उत्तम, तंबाखूलाही चालते, पण कुंडीत ती ओली झाली की घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. मेणवेलीची मुळे तिच्यात गुदमरतात. म्हणून पुढील मिश्रण करावे : नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे दोन भाग, विटांचे किंवा लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग.

कुंडी मातीची असावी आणि तळाला भोक असलेच पाहिजे. मोठ्या कुंडीचा हव्यास नको. मोठ्या कुंडीत ओल फार दिवस राहते. चार-पाच इंची कुंडी लहान वेलीला दोन-तीन वर्षे पुरते. मुळांनी कुंडी भरली म्हणून घाबरू नये. थोडी दाटी तिला मानवते.

उजेड

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचे कोवळे ऊन चालते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे पश्चिमेचे ऊन मात्र पाने भाजून काढते. ती पिवळी पडतात व त्यांवर तपकिरी डाग उठतात. उलट अंधाऱ्या खोलीत वेल जगते, पण फुलत नाही. पुष्कळ घरांत 'आमच्या वेलीला फूल येत नाही' अशी तक्रार असते, तिचे मुख्य कारण उजेडाची कमतरता हेच असते.

पाणी

आपला भाग उसाचा. पाण्याची पाळी चुकली की शेतकऱ्याची झोप उडते. हीच सवय कुंडीपाशी घात करते. जादा पाण्याने काय होते हे कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींनी आपल्याला दाखवलेच आहे. शिरोळ तालुक्यात तर ते रस्त्यावरूनही दिसते. मेणवेलीच्या बाबतीत नियम सोपा आहे. बोटाची दोन पेरे मिश्रणात घालून पाहावीत. कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि द्यावे तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांनी होईल, पावसाळ्यात व थंडीत आठ-दहा दिवसांनी किंवा त्याहून उशिरा.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाणी कमी पडले तर पाने सुरकुततात. पण मुळे कुजली तरीही पाने सुरकुततात, कारण कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. म्हणून पान सुरकुतलेले दिसताच तांब्या घेऊन धावू नये. आधी माती पाहावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. माती ओली असेल तर वेल कुंडीतून काढून काळी, मऊ मुळे कापावीत व कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावी.

फुले व रोग

मेणवेल आधी लांब, पाने नसलेली फांदी सोडते. ती वाळकी समजून कापू नये. पाने मागाहून येतात. फांद्यांवर एक आखूड देठ तयार होतो व त्यावर गुच्छ उमलतो. फुले गळाली तरी हा देठ तोडू नये, कारण पुढच्या हंगामात त्याच देठावर पुन्हा फुले येतात. आमच्या शाखेच्या भाषेत सांगायचे तर फूल हे व्याज आहे आणि देठ हे मुद्दल. कळ्या आल्यावर कुंडीची जागाही बदलू नये, नाहीतर कळ्या गळतात. फांदीपासून लावलेल्या वेलीला पहिले फूल यायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात. फुलांचा वास रात्री अधिक दरवळतो.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ते पुसून काढावेत आणि नंतर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात थोडे निंबोळी तेल मिसळून फवारावे.

नवे रोप व ग्राहकाची सावधगिरी

नवे रोप फांदीपासून करावे. दोन पेरांची फांदी घ्यावी, चीक पुसून काही तास सुकू द्यावी व ओलसर सोडणात एक पेर पुरावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावल्यास तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

पेर हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी महिन्यात होया केरीचे हृदयाच्या आकाराचे एकच पान इवल्याशा कुंडीत लावून प्रेमाची भेट म्हणून विकले जाते. ते पान हिरवे राहते, मुळेही धरते. पण त्याला खोडाचा डोळा नसेल तर त्यापासून वेल होत नाही. चार-पाच वर्षांनीही ते एकच पान राहते. घेणारा मात्र वेलीच्या आशेने पैसे मोजतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तो हक्क वापरण्यासाठी ग्राहकाला काय विचारायचे हे ठाऊक असावे लागते. म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, विकत घेण्यापूर्वी एवढेच विचारा : 'या पानाला डोळा आहे का?' त्याच पैशांत दोन पेरांची फांदी मिळत असेल तर ती घ्यावी. आणि ज्याच्या घरी वेल आहे त्याने एक फांदी मित्राला द्यावी, हे तर सर्वांत स्वस्त.

तात्पर्य, मेणवेल मागते ते थोडेच : सकाळचा उजेड, हवेशीर मिश्रण, मोजके पाणी आणि भरपूर सबुरी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी सदलग्यात सहज मिळतात. चौथी ज्याची त्याने आणावयाची आहे.