दोन बहिणी, एक समुद्र



दूर कुठेतरी बर्फ वितळला तर आपले काय बिघडते? ‘राइज’ (२०१८) या काही मिनिटांच्या चित्रपटात दोन आदिवासी कवयित्री याचे उत्तर देतात. कॅथी जेटनील-किजिनर पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांच्या, तर आका निव्हियाना ग्रीनलंडच्या इन्यूट समाजाच्या.

ग्रीनलंडच्या बर्फावर उभ्या राहून त्या एकमेकींना ‘बहीण’ म्हणतात. कॅथी शिंपले देतात, आका आपल्या किनाऱ्यावरचे दगड. या नात्यामागे साधा हिशेब आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ७ मीटरने चढेल. मार्शल बेटांची सरासरी उंची मात्र जेमतेम २ मीटर. एका बहिणीच्या घरचे पाणी दुसरीच्या घरात शिरते. हवा तापवणारा कोळसा आणि तेल मुख्यतः जाळले ते मात्र इतरांनीच. म्हणून या दोघी दया मागत नाहीत, न्याय मागतात.

चित्रपटात मार्शल बेटांवरची एक दंतकथा येते. दोन बहिणींपैकी एक दगड झाली; तिला एकटे सोडायचे नाही म्हणून दुसरीनेही दगड होणे पत्करले. बेटे सोडून जा, असे सांगणाऱ्या जगाला कॅथींचे हेच उत्तर आहे.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून विचार करू या: आपल्या कोणत्या सोयीची किंमत दुसऱ्या कुणाचे तरी घर मोजत आहे? त्यातली कोणती एक सोय आपण आजपासून कमी करू शकतो?