आधी झूल उतरव

भाचेबुवा,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. पण ‘सहासष्टची पॉन्टियॅक जीटीओ, उघडमिट टपाची, लाल, संपूर्ण रिस्टोअर केलेली’ एवढं कानावर पडलं आणि झोप उडाली. शुक्रवारी बयाणा पाठवतोस म्हणालास. गाडी बघितलीस का विचारलं, तर म्हणे बेचाळीस फोटो बघितले. अरे, पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात ते यालाच.

तुझे आजोबा बैल घ्यायला बाजारात जायचे, तेव्हा मी बरोबर असायचो. विकणाऱ्यानं शिंगं रंगवलेली, अंगावर आरशांची झूल टाकलेली. आजोबांचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘आधी झूल उतरव.’ मग दात, मग खूर, मग चार पावलं चालवून बघणं. भाव शेवटी. मिशिगनमध्ये मोटारींच्या धंद्यात जन्म गेला, पण जुनी गाडी कशी घ्यावी ते मी त्या बाजारातच शिकलो. आणि जेव्हा विसरलो, तेव्हा फसलो.

बाकी जुन्या गाड्या आणि ही गाडी यांत एक फरक आहे. पॉन्टियॅक १९२६ साली निघाली, आणि २७ एप्रिल २००९ला जनरल मोटर्सनं ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३१ ऑक्टोबर २०१०ला उरल्यासुरल्या डीलरांचे करारही संपले. म्हणजे काही खोट निघाली तर तक्रार घेऊन जायला दारच नाही. जबानी द्यायला दोघेच उरले : कागद आणि पत्रा. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला साक्षीत धरायचं नाही.

कागद

आधी माझी फजिती ऐक. माझी पहिली ‘जीटीओ’ १९६५ची होती. बॉनेटखाली निळं इंजिन, बाजूला झळकणारी अक्षरं, सगळं जिथल्या तिथे. दोन वर्षांनी एका जाणत्या मिस्त्रीनं हळूच सांगितलं, की ही जीटीओ नाही, ही पॉन्टियॅकचीच साधी लमान्स आहे. अक्षरं नंतर चिकटवलेली, आणि इंजिन ३८९ घनइंचांचं नसून ३२६चं. मला कळलं कसं नाही? कारण पॉन्टियॅकची ही दोन्ही इंजिनं बाहेरून सारखीच दिसतात, जुळ्या भावांसारखी.

१९६४ आणि १९६५मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हतंच. लमान्स घेताना जादा पैसे मोजून घ्यायचं ते एक पॅकेज होतं. त्यामुळे ६५च्या लमान्सचा गाडी-क्रमांक २३७नं सुरू होतो आणि खऱ्या जीटीओचाही २३७नंच. नुसता नंबर बघून काहीच कळत नाही. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं आणि क्रमांक २४२नं सुरू होऊ लागला. पुढचे दोन आकडे ६७ असतील तर गाडी टपाची. तेव्हा तुझ्या गाडीचा क्रमांक २४२६७नं सुरू व्हायला हवा. तो नसेल तर पुढचं वाचूच नकोस, फोन करून नाही म्हणून सांग.

क्रमांकाची पट्टी या सालात ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी, खांबावर असते. ती हलवल्याची, परत ठोकल्याची खूण आहे का, ते बोट फिरवून बघ. मालकीच्या कागदावरचा क्रमांक आणि हा क्रमांक एकेक आकडा लावून जुळव.

पॉन्टियॅकवाल्यांचं एक भाग्य मात्र आहे. कंपनी गेली पण तिची बिलं राहिली. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची संस्था १९६१ ते १९८६च्या गाड्यांच्या मूळ कारखाना-नोंदींची नक्कल फी घेऊन देते. गाडीचा मूळ रंग कोणता, इंजिन कुठलं, गिअर कुठले, काय काय जादा बसवून मागितलं होतं, सगळं त्यात असतं. मी ६५च्या वेळी तो कागद मागवला असता तर माझे दोन वर्षांचे कष्ट वाचले असते. विकणारा म्हणेल, ‘माझ्याकडे नक्कल आहे.’ असू दे. तू स्वतःची मागव.

इंजिनाची उलटतपासणीही करता येते. ब्लॉकवर मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळ, ओतकामाची तारीख असते : एक अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला हवा. गाडी जानेवारीत बनलेली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतलेला असेल, तर लेक आधी आणि आई मागाहून जन्मली असं म्हणावं लागेल. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही. पण मग ‘मूळ इंजिन’ म्हणून जादा पैसे द्यायचे नाहीत.

पत्रा

आता खरी झूल. रिस्टोअर केलेल्या गाडीचा रंग म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा असू शकतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीला वाळवीसारखं खालून खातं. वर लांबी भरून, घासून, लाल रंग मारला की फोटोत सगळं नवरीसारखं.

एक साधं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून घेऊन जा. चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, मागच्या चाकांपुढचा पत्रा इथे ते लावून बघ. पत्रा असेल तिथे चिकटतं, लांबी असेल तिथे निसटतं. मग गाडी उचलायला सांग आणि खाली जा. खालून सगळीकडे ताजं काळं डांबरी कोटिंग दिसलं तर खूष होऊ नकोस, संशय घे. चांगलं काम केलेला माणूस ते दाखवतो, झाकत नाही.

टपाच्या गाडीत आणखी एक भानगड. पक्कं छप्पर नसलं की गाडीला पीळ पडतो, म्हणून कंपनीनं या गाड्यांची चेसिस जास्त भक्कम, पेटीसारखी बंद केलेली दिली होती. पण बंद पेटीत पाणी साचलं की ती आतून कुजते. मागच्या चाकाच्या जरा पुढे, जिथे चेसिस वर वळते, तिथे हातोडीच्या दांड्यानं टकटक कर. खणखणीत आवाज हवा, भदभद नको. मग टप उघडा आणि टप मिटलेला अशा दोन्ही वेळी दारं उघडून-लावून बघ. फट वरखाली होत असेल किंवा दार उचलून लावावं लागत असेल, तर सांगाडाच बसलेला आहे.

टप

मागच्या सीटमागे एक छोटा पंप आणि दोन हायड्रॉलिक सिलिंडर असतात, त्यांच्यावर टप चालतो. बटण दाबून दोनदा उघडून मिटून बघ. अडखळला तर कान दे : पंप घरघरतोय की तेल गळतंय? कापड नवं असेल तर उत्तम, पण कापड हा स्वस्तातला भाग आहे. खरी परीक्षा पाण्याची. टप घडी होऊन बसतो त्या खाचेत रबरी अस्तर असतं. ते फाटलं की पावसाचं पाणी डिकीत आणि मागच्या पायांखाली उतरतं. म्हणून डिकीतली चटई उचल, मागचा गालिचा उचल. ओलसर वास आला तर बाकीचं मला सांगायला नको.

चालवून बघणं

गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर विकणाऱ्यानं तू यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू कसं होतं तेच तर बघायचं असतं. ऑटोमॅटिक असेल तर ती एकदाच गिअर बदलेल. घाबरू नकोस, सहासष्टपर्यंत जीटीओला दोनच गिअरची ऑटोमॅटिक मिळायची.

ब्रेकबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. या सालापर्यंत चारही चाकांच्या ब्रेकला एकच तेलाचा मार्ग असायचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन स्वतंत्र मार्ग १९६७मध्ये आले. गाडी घेतलीस तर पहिला खर्च दुहेरी मास्टर सिलिंडरचा. क्रोमचं बंपर नंतर.

थोडक्यात उरलेलं

तपासणी करणारा मिस्त्री तू शोध. विकणाऱ्यानं सुचवलेला म्हणजे उंदराला मांजर साक्ष. सुट्या भागांची फार काळजी करू नकोस. जीटीओचे बरेच भाग आजही नव्यानं बनतात, आणि शेव्हेल, कटलास, स्कायलार्क या त्या काळच्या भावंडांशी काही भाग जुळतातही. रिस्टोअरच्या कामाचे फोटो आणि पावत्या माग, विशेषतः गाडी उघडीवाघडी, गंजलेली असतानाचे. ते नसतील तर रिस्टोअर नाही, नुसतं रंगकाम झालंय. विमा ‘ठरलेल्या किमती’चा घे, नाहीतर अपघात झाला की कंपनी तुला साठ वर्षांच्या भंगाराचा भाव देईल.

आणि एक. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, असते. तिथे एक दिवस फक्त फिर आणि टपाच्या जीटीओवाल्यांशी बोल. कोणी काय भोगलंय ते दहा मिनिटांत कळतं. या गाड्यांचे मालक दुःख सांगायला उत्सुक असतात, माझ्यासारखेच.

नाही म्हणायला लाजू नकोस. ही एकमेव गाडी नाही. एकट्या १९६६ साली ९६ हजारांहून जास्त जीटीओ विकल्या गेल्या होत्या. तेव्हा शुक्रवारी पैसे पाठवू नकोस, तो गाडी-क्रमांक पाठव. शनिवारी सकाळी मी येतो. चुंबक माझ्याकडे आहे.

तुझा,
मामा