डॉ. बानूबाई कोयाजी

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक हे गाव आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. याच गावाशी एका थोर स्त्रीचे नावही जोडले गेले आहे. त्या म्हणजे डॉ. बानूबाई कोयाजी.

बानूबाईंचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्या काळी डॉक्टर होणाऱ्या मुली फार थोड्या असत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून बानूबाई स्त्रियांच्या रोगांच्या व प्रसूतिशास्त्राच्या जाणकार झाल्या. १९४४ साली त्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात रुजू झाल्या. तेव्हा तेथे अवघ्या ४० खाटा होत्या. बानूबाईंनी अनेक वर्षे अविश्रांत परिश्रम केले आणि पुढे तेथे ५०० हून अधिक खाटा झाल्या.

रुग्णालय वाढले, परंतु खेड्यांतील स्त्रिया तेथे येत, त्या पुष्कळदा फार उशिरा. अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीतून कोसचे कोस आणावे लागे. कधी वाटेतच माता दगावे, तर कधी बालक. अशा मातेला शहरातील मोठ्या रुग्णालयाचा काय उपयोग? रोगी रुग्णालयाकडे येऊ शकत नसेल, तर रुग्णालयानेच त्याच्या दाराशी गेले पाहिजे, हे बानूबाईंनी ओळखले.

त्यांनी वढू येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य उभारले. १९७७ पासून ते आसपासच्या गावांत पसरले. प्रत्येक गावी डॉक्टर कोठून आणावा? बानूबाईंनी गावातीलच माणसे निवडून त्यांना शिकवले. किरकोळ दुखण्यांवर उपचार करणे, पाणी शुद्ध ठेवण्यास सांगणे, बालकांना लस टोचून घेण्यास मातांना प्रवृत्त करणे, गर्भवतीची काळजी घेणे आणि धोका दिसताच तिला वेळीच रुग्णालयात पाठवणे, ही कामे ती माणसे करू लागली. परक्याला जे सांगण्यास बायाबापड्या संकोचत, ते आपल्या गावच्या माणसाला मोकळेपणाने सांगत.

१९८९ साली भारत सरकारने बानूबाईंना 'पद्मभूषण' हा किताब दिला. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक लाभले. १५ जुलै २००४ रोजी त्यांचे निधन झाले. वढूचे कार्य मात्र थांबले नाही.

मुलांनो, आज तुमच्या गावी आशाताई घरोघर जाऊन मातांची व बालकांची विचारपूस करतात. तशीच विचारपूस वढूच्या परिसरात कित्येक वर्षे आधी सुरू झाली होती. आपली विद्या स्वतःजवळच न ठेवता बानूबाईंनी ती साध्यासुध्या माणसांच्या हाती दिली. त्यामुळेच ती घरोघर पोहोचली.