आडनावाचे मूळ गाव कसे शोधावे?

प्रश्न : आम्ही पाटणकर. घराणे होळकरांच्या काळापासून माळव्यात आहे. मूळ गाव कोणते, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. ते कसे शोधावे? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ‘कर’ हा प्रत्यय गाव सुचवतो. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले, तसेच हे. पण पाटण एकच नाही. साताऱ्यात पाटण आहे, गुजरातेतही आहे. म्हणून केवळ नावावरून गाव ठरवू नका.

आधी कुलदैवत, गोत्र आणि घरातली जुनी कागदपत्रे पाहा. कुलदैवत बहुधा मूळ मुलखाकडे बोट दाखवते. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करा. त्यांच्या वह्यांत यजमानांचे गाव आणि पिढ्यांची नावे नोंदलेली असतात. पूर्वज सरकारी चाकरीत असतील, तर पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तरही पाहा. तिथले बहुतेक कागद मोडीत आहेत. वाचणारा जाणकार सोबत हवा.

१८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्याआधी महेश्वरही राजधानी होती, म्हणून त्या काळातल्या नोंदी महेश्वरच्या संदर्भातही शोधा. आडनाव जुळले म्हणून कूळ जुळतेच असे नाही. दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्याशिवाय वंशावळ पक्की मानू नका.