संशोधनसामग्रीचे जतन आणि सामायिक उपयोग : जात्यावरच्या ओव्यांच्या संदर्भात

विद्यापीठाच्या मराठी विभागात पीएच.डी.साठी सादर झालेल्या प्रबंधाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर आज सहज देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरवले आणि गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' या केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात हजारो प्रबंध वाचकांना खुले झाले. परंतु ज्या सामग्रीच्या आधारे प्रबंध उभा राहतो तिचे पुढे काय होते, या प्रश्नाला मात्र बहुतेक ठिकाणी उत्तर नसते. गावोगावी केलेली ध्वनिमुद्रणे, मुलाखतींच्या वह्या, हस्तलिखितांची छायाचित्रे, पाठभेदांच्या चिठ्ठ्या, शब्दसूची हे सर्व संशोधकाच्या घरी किंवा मार्गदर्शकाच्या कपाटात राहते, आणि मौखिक परीक्षा झाली की त्याची आठवणही कोणी काढत नाही.

या सामग्रीसाठी 'विदा' असा पारिभाषिक शब्द मराठीत रूढ होऊ पाहत आहे. विज्ञानशाखांत तो चालतो; साहित्याच्या अभ्यासकाला तो अजून परका वाटतो. 'विदा' म्हणजे आकडे, आणि आकड्यांशी आपला संबंध नाही, अशी त्याची समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. लोकसाहित्य, बोली, पाठचिकित्सा आणि वाङ्मयीन नियतकालिके या चारही क्षेत्रांतला संशोधक प्रथम संग्राहक असतो आणि नंतर भाष्यकार. प्रबंधाच्या परिशिष्टात तो दोनशे ओव्या देतो, तेव्हा त्या कदाचित दोन हजारांतून निवडलेल्या असतात. निवडीचे निकष त्याने प्रस्तावनेत सांगितले असले तरी वगळलेल्या अठराशे ओव्या समोर असल्याखेरीज ते निकष योग्य होते की सोयीचे, हे ठरवता येत नाही. प्रबंधातील सिद्धान्ताला बाधक ठरणारा पुरावा, असलाच तर, याच वगळलेल्या भागात असतो.

मराठी परंपरेला ही जाणीव नवी नाही. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथी प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. लीळाचरित्राच्या पाठांत 'वासना' या नावाने येणारे भेद आधुनिक अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन वाचावेत असे आहेत. एकच लीळा कोणाच्या स्मरणात कशी होती, हे तेथे नावानिशी नोंदवलेले आढळते. मतभेद मिटवून एक गुळगुळीत पाठ तयार करण्यापेक्षा तो मतभेद सांगणाऱ्याच्या नावासह राखणे महानुभाव आचार्यांना महत्त्वाचे वाटले. क्षेत्रीय संशोधनाचे आजचे एखादे पाठ्यपुस्तक याहून वेगळे काय सांगते? मूळ पोथी पुढे खालशाच्या धाडीत हरवली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. त्यानंतर निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला आणि त्यातून पाठांच्या अनेक शाखा निघाल्या. लीळाचरित्राच्या संपादकांपुढचे बरेचसे प्रश्न या एका घटनेतून उद्भवलेले आहेत. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी नसणे याची किंमत मराठी पाठचिकित्सा अशी सातशे वर्षे मोजत आली आहे.

याच संप्रदायाच्या इतिहासात दुसराही एक धडा आहे. ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या, परंतु संप्रदायाबाहेरच्या अभ्यासकाला त्या शतकानुशतके वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती या लिपीची किल्ली आली, तेव्हा कोठे प्राचीन मराठी गद्याचे हे दालन उघडले. येथे लिपी हेतुपुरस्सर सांकेतिक केलेली होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर निरनिराळ्या खासगी टंकांत जुळवलेले मराठी प्रबंध आणि शब्दसूची कोणाचाही तसा हेतू नसताना त्याच अवस्थेला गेल्या आहेत. धारिका उघडते, पण मूळ टंक जवळ नसल्यामुळे पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. अशा धारिकांचे रूपांतर करता येते; मात्र कोणता टंक वापरला होता हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. ध्वनिफितींची स्थिती याहून बिकट आहे. फीत झिजते, तिच्यावर बुरशी धरते, आणि ती वाजवणारे यंत्रही दुर्मीळ होत चालले आहे.

जतन म्हणजे वस्तू सांभाळणे, एवढाच अर्थ घेतला तर तो अपुरा पडतो. वस्तूबरोबर तिची ओळखही सांभाळावी लागते, हे जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनांवरून स्पष्ट करता येते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' हे या क्षेत्रातील आद्य आणि अत्यंत वाचनीय संकलन. त्यात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत; विवेचन जिव्हाळ्याचे आहे. परंतु एखादी ओवी कोणत्या बाईने, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हटली, हे वाचकाला कळत नाही. याचा दोष गुरुजींना देणे अन्यायाचे होईल. स्त्रीमनाचे सामूहिक दर्शन घडवणे हे त्यांचे प्रयोजन होते आणि त्या प्रयोजनाला व्यक्तीचे नाव आवश्यक नव्हते. मात्र आज एखाद्या अभ्यासकाला सासुरवासाच्या ओव्या जातिनिहाय किंवा प्रदेशनिहाय तपासायच्या असतील, तर या संकलनाचा त्याला उपयोग होत नाही. संग्राहकाने न विचारलेला प्रश्न पुढच्या पिढीला विचारता येईल की नाही, हे संग्राहकाने काय टिपून ठेवले यावर अवलंबून असते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून केलेले काम या दृष्टीने वेगळे ठरते. १९८० च्या दशकात मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातील स्त्रियांबरोबर काम करताना ओवीसंकलनाला प्रारंभ झाला. पुढे ते महाराष्ट्रभर पसरले आणि हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. हा आकडा स्तिमित करणारा आहे. परंतु संशोधनपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. प्रत्येक ओवीला स्वतंत्र क्रमांक, गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि विषयवर्गाचा संकेतांक, अशी तिची नोंद झाली. १९९६ पासून बर्नार्ड बेल या संगीत-संगणकतज्ज्ञाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण झाले आणि संगणकीय सूचीही सिद्ध झाली. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या मुद्रित झाल्या. जात्यावर केवळ माहेर, बंधू आणि पंढरी एवढेच विषय येतात, असे मानणाऱ्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला या ओव्यांनी मोठी दुरुस्ती सुचवली.

पॉइटवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. एरवी अशा संग्रहाची कहाणी येथेच संपते. या संग्रहाबाबत तसे झाले नाही. २०१७ पासून 'पारी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने या ओव्या ध्वनी, संहिता, अनुवाद आणि गायिकेच्या परिचयासह क्रमाक्रमाने प्रकाशित करण्यास आरंभ केला. सुमारे दोन दशकांनंतर कार्यकर्ते त्याच गावी परत गेले, काही गायिकांना भेटले, त्यांच्याकडून ओव्या पुन्हा ऐकल्या. हे शक्य झाले ते वहीत नाव आणि गाव होते म्हणून. 'स्त्रीजीवन'मधल्या एकाही बाईकडे असे परत जाता येत नाही.

येथे एका वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. हा प्रकल्प विद्यापीठाच्या मराठी विभागाबाहेर वाढला. विद्यापीठीय परंपरेत अशी उदाहरणे नाहीत असे नव्हे. डेक्कन कॉलेजमधील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला खंड प्रसिद्ध होण्यास १९७६ साल उजाडले. चिठ्ठी लिहिणारा आणि ती वाचून अर्थ लावणारा यांच्यात एक-दोन पिढ्यांचे अंतर पडूनही काम चालू शकते, कारण चिठ्ठी संस्थेची असते आणि तिच्यावरचा ग्रंथनिर्देश कोणालाही वाचता येतो. एकेका संशोधकाच्या प्रबंधाला ही शिस्त लागू होत नाही, कारण तो व्यक्तीचा उद्योग मानला जातो.

सामायिक उपयोगाचा विचार सुरू झाला की दोन आक्षेप येतात. पहिला संशोधकाचा. पाच वर्षे पायपीट करून जमवलेली सामग्री दुसऱ्याच्या हाती द्यावी, त्याने त्यावर आपल्या आधी लेख लिहावा आणि श्रेय घ्यावे, ही भीती त्याला वाटते. ती निराधार नाही. मराठी प्रबंधांत मूळ ग्रंथकाराचा निर्देश होतो. संग्राहकाचा क्वचित होतो. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील ओवी 'लोकगीत' म्हणून उद्धृत करण्यात कोणाला संकोच वाटत नाही. म्हणून सामग्री विभागाकडे सोपवताना दोन-तीन वर्षांची राखीव मुदत संशोधकाला देणे आणि त्यानंतर वापरणाऱ्याने संग्राहकाचे नाव, वर्ष व नोंदक्रमांक देणे बंधनकारक करणे, ही किमान व्यवस्था हवी. सामग्रीचा संग्रह हेही प्रकाशन आहे, असे पदोन्नतीच्या मूल्यमापनात मानले गेल्याखेरीज हा आक्षेप पूर्णपणे मावळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बहुधा कोणी बोलून दाखवत नाही, कारण तो ज्यांचा आहे त्या स्त्रिया चर्चासत्राला उपस्थित नसतात. ओवी परंपरेची खरी, पण जात्यावर बसलेली बाई तीत आपली सासू, आपला भाऊ, आपला दारुडा नवरा घालते. दोन बायका पहाटे दळताना ती म्हणत असत. पुरुषाच्या कानावर ती पडली तरी तो ऐकत नसे. तीच ओवी गायिकेच्या नाव-गावासह जगापुढे ठेवली, तर तिचा सन्मान होतो की तिचे घरातले बोलणे चव्हाट्यावर येते? नाव गाळले तर ती 'स्त्रीजीवन'मधल्या अनाम बाईसारखी नाहीशी होते. नाव दिले तर तिला किंवा तिच्या सुनेला त्याची झळ लागू शकते. या पेचावर सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. प्रत्येक गायिकेला प्रत्येक वेळी विचारणे आणि तिचे उत्तर ध्वनिमुद्रणातच नोंदवणे, एवढा एकच मार्ग दिसतो. एका कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. विभागात ऐकण्यास हरकत नाही परंतु गावात वाजवू नये, नाव द्यावे परंतु आडनाव नको, अमुक ओवी पुसून टाकावी, असे ती सांगू शकते; आणि तसे सांगितल्यास ते पाळले गेले पाहिजे.

कायद्यानेही या बाबतीत काही सीमारेषा आखल्या आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गायक, वादक, नट आदी प्रयोगकर्त्यांचे हक्क स्वतंत्रपणे मान्य झाले आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर त्यांची मुदत पन्नास वर्षांची झाली. ओवी कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचे गायन हे त्या बाईचे आहे. प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला हा कायदा मोकळीक देतो. परंतु तेवढ्याने ते सर्वांसाठी प्रसृत करण्याची मोकळीक मिळते, असे समजणे चुकीचे आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संशोधनासाठी सवलत आहे, तीही ठरावीक मानकांच्या अधीन राहून. तेव्हा सामग्री जतन करणे आणि ती खुली करणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. जतन सर्वाचे व्हावे; खुले काय करायचे ते नोंदीगणिक ठरावे.

विभागाच्या पातळीवर यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. नोंदणीच्या वेळी संशोधकाने कोणती सामग्री जमवणार, ती कोठे ठेवणार आणि तिची संमती कशी घेणार, याचे एक पानाचे टिपण द्यावे. ध्वनिमुद्रणाची मूळ धारिका कधीही कापू नये, काम तिच्या प्रतीवर करावे. धारिकेला गाव, दिनांक व क्रमांक यांवरून नाव द्यावे. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम दोन' अशा नावांनी दोन वर्षांनंतर खुद्द संशोधकही चकतो. लिप्यंतरात न कळलेला शब्द अंदाजाने भरू नये, जागा मोकळी सोडून तेथे खूण करावी. बोलीतला उच्चार प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करू नये, हे तर सांगावयास नको, तरीही सांगावे लागते. एक प्रत विभागात, एक ग्रंथालयात, एक विद्यापीठाच्या आवाराबाहेर असावी. प्रबंध सादर करताना या सर्वांची यादी ग्रंथपालाच्या सहीनिशी जोडलेली असावी.

नव्या संशोधकांसाठी हे नियम यथावकाश होतील. जुन्या कपाटांतील सामग्रीला तेवढा अवकाश नाही. बहुतेक विभागांत लोकसाहित्याच्या जुन्या कॅसेट खोक्यांत पडून आहेत. वेष्टनावर पेन्सिलीने एखाद्या गावाचे नाव असते, बाईचे नसते. त्या मुद्रित करणारे अध्यापक निवृत्त झाले आहेत. त्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्यासमोर ती फीत एकदा वाजवावी, कोणता आवाज कोणाचा हे विचारावे आणि ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून घ्यावे.