शोकाच्या घरी उपदेश

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्तिकीला पायी निघालेल्या जठारवाडीच्या दिंडीत सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याच्या जुनोनीजवळ, भरधाव मोटार शिरली. ७ वारकरी गेले. अशा घरी जाऊन आपले लोक म्हणतात, "पंढरीच्या वाटेवर मरण, केवढे भाग्य!" सज्जनहो, हे आईला ऐकवू नये. गीतेत 'शोक करू नको' हा उपदेश येतो तो दुसऱ्या अध्यायात. पहिल्यात अर्जुन बोलतो आणि भगवंत एक वाक्य सोडून गप्प! ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय कोरडे राहिले काय? त्यांचे समाधीचे अभंग काढून वाचा. म्हणून पोथी बांधून ठेवावी. कडू घास न्यावा, अन् नुसते जवळ बसावे.