आम्ही चांदबिबीचे वंशज?

प्रश्न : आजोबा सांगत, आपलं घराणं चांदबिबीचं. तिची वंशावळ कुठे मिळेल? – एक वाचक, मुरुम

उत्तर : चांदबिबीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे थेट वंशज कोणीच नाही. ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. तिने सांभाळलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा नवऱ्याचा पुतण्या. तरी आजोबांना लगेच खोटं पाडू नका. आदिलशाहीतला नळदुर्ग किल्ला तुमच्या जवळच, पूर्वजांनी तिथे चाकरी केलेली असू शकते. शोध स्वतःपासून मागे न्या. तहसीलमध्ये जमिनीच्या जुन्या नोंदींचं खासरा पत्रक, वारसाचे जुने फेरफार मागा. घरात इनामाची सनद आहे का पाहा. हैदराबादच्या निजामाच्या काळातले, म्हणजे 1948 पूर्वीचे कागद बहुधा उर्दूत किंवा मोडी लिपीत असतात. जाणकाराला छायाप्रतच द्या, मूळ कागद नको. पैसे घेऊन सुबक वंशवृक्ष काढून देणारेही भेटतील. त्यांना आधी पुरावा मागा.